जरा स्लिप भरून देता का?

बँकेत स्लिप कुणाकडून भरून घ्यायची, हे ठरवायची म्हाताऱ्या माणसांची एक पद्धत असते. समोर दिसेल त्याला ती विचारत नाहीत. आधी भिंतीला टेकून उभी राहतात, चार माणसं निरखतात. घाईतला माणूस नको, फार इस्त्रीतला नको, गावातला ओळखीचा तर मुळीच नको, कारण त्याला शिल्लक कळते. शाळेच्या गणवेशातलं पोर दिसलं तर उत्तम. त्यामुळं वडिलांबरोबर बँकेत गेले की माझ्याकडं हटकून कुणीतरी यायचं. "पोरी, जरा एवढी चिठ्ठी भरून दे की."

वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते आणि शनिवारी अर्ध्या दिवसाच्या बँकेत त्यांची फेरी ठरलेली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बँक म्हणजे सांगली बँक, 1916 साली आपल्याच गावात सुरू झालेली. लिहायला उतरत्या फळीचं टेबल, त्याला दोरीनं बांधलेलं पेन आणि त्या पेनात शाई नाही. मग माझं शाईचं पेन निघायचं. चिठ्ठी भरून घेणारे आजोबा कोपरीच्या आतल्या खिशातून पासबुक काढायचे. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमालाला तंबाखूचा वास. खाते क्रमांक, तारीख, रक्कम आकड्यात, रक्कम अक्षरात. सगळं लिहून झालं की शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून कागदावर दाबायचा. उरलेली शाई आजोबा डोक्याच्या केसांना पुसत, नाहीतर टेबलाच्या खालच्या बाजूला. एकदा माझं टोपण खाली गडगडलं म्हणून वाकून बघितलं, तर ती सगळी फळी खालून निळीजांभळी झालेली. वाकल्याशिवाय कुणाला दिसली नसती.

गंमत पुढं असायची. स्लिप देऊन आजोबा पितळी टोकन घेऊन बसत. नंबर पुकारला की कॅशियर आधी पैसे देत नसे, मोठ्यानं विचारत असे, "आबा, किती काढताय?" आबांनी सांगितलेला आकडा आणि स्लिपवरचा आकडा जुळला की मगच नोटा बाहेर यायच्या. मला राग यायचा. आपण नीट लिहिलेलं असताना हा माणूस आपल्यावर संशय घेतो! वडिलांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "आबांनी भरवसा ठेवायचा, साहेबानं ठेवायचा नाही. दोन्ही लागतं."

हे मला पटायला फार वर्षं लागली, पण अनोळखी माणसाचा चांगुलपणा आपल्याकडं चालत आला तो असा. भरवसा होता, पण तो चारचौघांत होता. खात्यात किती आहेत हे सहावीतल्या पोरीला सांगायला आबा कचरत नव्हते, कारण आजूबाजूला वीस माणसं उभी होती आणि शेवटी एक माणूस मोठ्यानं विचारणार होता.

फसवणारे तेव्हाही होतेच. फसवणूक मोबाईलबरोबर आली असं आताच्या पोरांना वाटतं. आमच्या गल्लीतल्या एक मामी सकाळी देवळातून परत येत होत्या. वाटेत दोन माणसं भेटली. एक साध्या वेशातला 'पोलीस'. फार अदबीनं म्हणाला, "आज्जी, पुढं दंगा झालाय, चेकिंग चालू आहे. एवढं सोनं अंगावर घालून कुठं निघालाय? काढून रुमालात बांधून घ्या बघू." तेवढ्यात तिसरा एक 'वाटसरू' आला, त्याला दरडावून त्याच्या गळ्यातली चेन काढायला लावली. मामींचा विश्वास बसला. पाटल्या आणि बोरमाळ काढून दिली. 'पोलिसा'नं स्वतःच्या हातानं पुडी बांधून दिली आणि वर बजावलं, "घरी जाईपर्यंत सोडू नका, कुणाशी बोलू नका." घरी पुडी सोडली तर आत खडे.

मामींच्या मनाला लागलं ते सोन्यापेक्षा त्या माणसाचं बोलणं. "माझ्या लेकानं कधी एवढ्या मायेनं विचारलं नाही गं," असं त्या कितीतरी दिवस म्हणत होत्या. सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठलाही स्थानिक पेपर उघडा, ही पुडी आजही आतल्या पानावर सापडते. दागिने पॉलिश करून देणारे वेगळे, 'तुमच्या शर्टावर घाण पडलीय' म्हणत पिशवी लांबवणारे वेगळे, पण सगळ्यांची सुरुवात काळजीनंच होते.

पुढं एटीएम आलं आणि स्लिप गेली. निदान तसं सांगितलं गेलं. आत भिंतीवर बोर्ड लागला: अनोळखी व्यक्तीची मदत घेऊ नका. बोर्ड बरोबरच होता. 'कार्ड अडकलंय का काका, द्या मी बघतो' असं म्हणत डोळ्यांदेखत कार्ड बदलणारे त्या काचेच्या खोलीतच उभे असायचे. पण ज्याला बोर्डच वाचता येत नाही त्यानं काय करायचं, हे बोर्ड लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं. माझी आई पिन एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कार्डाबरोबरच ठेवायची. सांगून उपयोग नव्हता. तिचं म्हणणं, "वेगळी ठेवली तर वेगळी हरवंल."

तिला सांभाळलं ते आमच्या भागातल्या एटीएमच्या वॉचमननं. सांगली-सातारा पट्ट्यात घराघरातली माणसं फौजेत जातात, त्यामुळं बँकेच्या दारात उभा असलेला माणूस बऱ्याच वेळा निवृत्त जवान असतो. हा तसाच. आई आत गेली की तो दारात पाठमोरा उभा राहायचा आणि दुसऱ्या कुणाला आत सोडायचा नाही. काही अडलं तर बाहेरूनच सांगायचा, "मावशी, उजवीकडचं हिरवं बटन दाबा." आकड्यांकडं त्यानं कधी बघितलं नाही. पैसे घेऊन आई बाहेर आली की तिला म्हणायचा, "मोजा. माझ्यासमोर मोजा."

मदत करणाऱ्यानं स्वतःला तपासून घ्यायला लावायचं, हे मी नंतर आणखी एकदा बघितलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं आयर्विन पुलाजवळची 45 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागं टाकली आणि पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर गच्च्यांवर गाद्या आणि धान्य वाळत पडलं, आणि त्यांच्या शेजारी पासबुकं, रेशनकार्डं, लग्नाचे अल्बम. आईचं जुनं पासबुकही त्यात होतं. 2007 मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, तरी तिनं ते सांभाळून ठेवलं होतं. त्याची पानं सुटी करून मी दोरीला चिमट्यांनी लावली. त्या दिवसांत कुठकुठनं पोरं आली होती. आडनाव माहीत नाही, गाव माहीत नाही, चिखल उपसून घर धुऊन देऊन गेली. मदतीचे फॉर्म भरायला बसलेल्या एका मुलानं आईचा खाते क्रमांक लिहिला, वाचून दाखवला आणि म्हणाला, "आजी, मी लिहिलंय, पण घरातल्या कुणालातरी एकदा बघायला सांगा हं. माझी चूक झाली असंल." आई त्याच्यावर भयंकर खूश. मला वाटलं, हा पोरगा आमच्या वडिलांच्या तालमीतला.

त्याच वर्षी इस्लामपूरचं कडकनाथ कोंबडीपालनाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीचं प्रकरण बाहेर आलं. तिथं हिशोब येणारी, शिकलेली तरणी पोरंही बुडाली. म्हाताऱ्यांनाच काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी ते एकदा आठवावं.

आता डिजिटल अरेस्ट. फोन येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, नाहीतर तुमच्या आधारवर काळ्या पैशाचं खातं निघालंय. मग व्हिडिओ कॉल. पडद्यावर गणवेशातला माणूस, मागं झेंडा, टेबलावर फायली. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, 'चौकशी' संपेपर्यंत पैसे 'सरकारी' खात्यात ठेवायचे. 2024 मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना तर ऑनलाइन सर्वोच्च न्यायालयच दाखवलं, सरन्यायाधीशांच्या नावानं सुनावणी घेतली आणि 7 कोटी रुपये नेले. वय 82, आयुष्य व्यवहारात गेलेलं. त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले. मुंबईत 86 वर्षांच्या एका बाईंना डिसेंबर 2024 पासून मार्च 2025 पर्यंत असंच धरून ठेवलं आणि 20 कोटींच्या वर रक्कम गेली. त्या आपल्या खोलीतच बसून राहतात, कुणावर तरी ओरडतात, हे ध्यानात आलं ते घरकाम करणाऱ्या बाईच्या.

मला यात नवीन काही दिसत नाही. मामींची तीच पुडी आहे. आधी भीती घालायची, मग ती भीती घालवायला आपणच मदत करतोय असं भासवायचं आणि शेवटी 'कुणाशी बोलू नका'. आपल्या देशाच्या कुठल्याच कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं. पुढं फोन लावला की अमिताभ बच्चन सावध करायचे आणि आपण सगळे वैतागायचो. जून 2025 मध्ये ती कॉलर ट्यून बंद झाली. आई मात्र ती पूर्ण ऐकायची. "एवढा मोठा माणूस सांगतोय, मधीच कसं कापायचं?"

मागच्या वर्षी मी बँकेत रांगेत होते. पुढं एक निवृत्त गुरुजी, पांढरा सदरा, ठेवीची पावती हातात. ठेव मोडायची होती, मुदत संपायच्या आत. काउंटरवरची मुलगी विशीतली, आमच्या गावची नसावी, बोलण्यावरनं विदर्भातली वाटली. तिनं विचारलं, "काका, एवढे पैसे कशासाठी पाहिजेत?" गुरुजी म्हणाले, "घरगुती कारण." तिनं दुसऱ्यांदा विचारलं, तर आवाज चढला, "माझे पैसे आहेत, तुम्हाला काय करायचंय?" रांगेतला एकजण म्हणाला, "द्या ओ मॅडम, आमाला उशीर हुतोय." तिनं लक्ष दिलं नाही. ती गुरुजींच्या खिशाकडं बघत होती. सदऱ्याच्या खिशात मोबाईल होता, आणि पातळ कापडातून पडदा उजळलेला दिसत होता. तिनं पैसे काढायची एक स्लिप ओढली, पाठीमागं मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं आणि काउंटरवरनं पुढं सरकवली. मी मागंच होते, वाचता आलं. 'फोन चालू आहे का? बोलू नका. फक्त मान हलवा.'

गुरुजींनी बराच वेळ त्या कागदाकडं बघितलं. मग मान हलवली.

मॅनेजर बाहेर आले, फोन काढून घेतला, खुर्ची दिली, पाणी दिलं. पलीकडचा माणूस फोनवर अजून ओरडतच होता. गुरुजींच्या हाताला असा कंप सुटला होता की पेला ओठाला लागेना, मघाशी उशिराची तक्रार करणाऱ्यानं तो धरून त्यांना पाणी पाजलं. ते पहिलं वाक्य बोलले ते हे: "मुलाला कळवू नका."

हे वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाही. आपण म्हाताऱ्यांना फसवणुकीचे व्हिडिओ पाठवतो, ओटीपी देऊ नको म्हणून दरडावतो, वरनं 'तुला काय कळतंय, आण फोन इकडं' म्हणतो. मग तोतया पोलिसानं 'घरी सांगू नका' म्हटलं की त्यांना ते सोयीचंच वाटतं, कारण घरी सांगायची भीती आधीपासून असते. ती भीती आपण घातलेली आहे. चोर नुसता तिचा फायदा घेतो.

आमच्या भागातला भोचकपणा पुण्या-मुंबईच्या माणसांना झेपत नाही. एसटीत शेजारी बसलेली बाई पलूस यायच्या आत तुमचा पगार, जात आणि पोटाचं दुखणं विचारून घेते. तरुणपणी मलाही वीट यायचा. पण घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला याच भोचकपणाचा आधार असतो. दूधवाला 'आज्जी, आज आवाज बसलाय काय?' म्हणतो, मेडिकलवाला 'मामा, ह्या महिन्यात गोळ्या न्हाई नेल्या' म्हणतो. हे विचारणं बंद झालेल्या घरात व्हिडिओ कॉल दोन दोन महिने चालू राहू शकतो.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. पैसे गेल्याचं लक्षात आलं की 1930 या नंबरला लगेच फोन करायचा असतो. रक्कम एका खात्यातनं दुसऱ्यात पळत असते आणि जेवढ्या लवकर कळवाल तेवढी ती वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. ज्येष्ठांना इतर अडचणींसाठी 14567 आहे. हे दोन्ही नंबर मोबाईलमध्ये साठवून देऊ नका, घाबरलेल्या माणसाला ते सापडत नाहीत. कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहितात ना, तिथंच वर मोठ्या अक्षरात लिहा. आणि लिहिताना आईवडिलांना तोंडानं सांगा, की पैसे गेले तरी आधी मला सांगा, मी ओरडणार नाही.