वाऱ्याची लाट

मराठीत ‘लाट’ म्हटले की समुद्र आठवतो. फार तर थंडीची किंवा उन्हाची लाट. डोंगरावरून वाहणाऱ्या वाऱ्यालाही लाट असते, आणि ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आकाशात उभी राहते, हे मी दादाकडून नुसते ऐकले होते. तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर शिकलेला दादा पंचवीस वर्षे इंग्लंडमध्ये आहे. दर ऑक्टोबरात तो क्लबातल्या मंडळींबरोबर आठवडाभर स्कॉटलंडमध्ये, डी नदीकाठच्या अबॉइनला सुटीसाठी जातो. गेल्या वर्षी मी सोबत होते. निघताना आईने एकच प्रश्न बांधून दिला होता : तो कायमचा परत कधी येणार?

उड्डाणाची सुटी म्हणजे बव्हंशी चहा पीत आकाशाकडे पाहणे. पाच दिवस पाऊस. त्या पाच दिवसांत मला लाटेची कुळकथा समजली, आणि भाषेच्या माणसाला तिच्यातला एक शब्दच अधिक भावला. सिलेशियात (हा भाग आज पोलंडमध्ये आहे) डोंगराआड एक ढग तासन्‌तास जागचा हलत नसे. गॉटलीब मोट्स नावाच्या शेतकऱ्यावरून गावकऱ्यांनी त्याला बोलीत ‘मोआत्सागोट्ल’ म्हणायला सुरुवात केली. 1933 मध्ये वोल्फ हिर्थ आणि हान्स डॉइचमान यांनी तिथल्या चढत्या हवेत ग्लायडर नेले, आणि शेतकऱ्याचे नाव हवामानशास्त्रात जाऊन बसले. पुढे 2018 मध्ये अर्जेंटिनातील पातागोनियात अशाच लाटांवर एक बिनइंजिनाचे विमान 22 किलोमीटरहून उंच गेले. दादाच्या मंडळींत हा आकडा श्लोकासारखा म्हटला जातो. असो.

सहाव्या दिवशी वारा वायव्येचा झाला. दोन आसनी ग्लायडरमध्ये मी पुढे, दादा मागे. ओढणाऱ्या विमानामागून वर जाताना आधी लागतो तो लाटेखालचा भोवरा. खडीच्या रस्त्यावरून एस. टी. जावी तसे आम्ही आदळत होतो. दादाने दोर सोडला आणि थोड्या वेळाने सारे एकाएकी थांबले. हादरा नाही, कंप नाही. चढ दाखवणाऱ्या यंत्राचा बारीक ‘टीं टीं’ तेवढा. घारीसारख्या घिरट्याही नाहीत. नाक वाऱ्याकडे ठेवायचे, वाऱ्याइतकाच वेग राखायचा, म्हणजे ग्लायडर जमिनीच्या हिशेबाने जागीच राहतो आणि वर वर जातो. खाली मॉर्व्हेन टेकडी होती, अर्ध्या तासानेही तीच होती. आम्ही मात्र बारा हजार फुटांवर, नाकात प्राणवायूची नळी लावून.

शेजारी भिंगाच्या आकाराचा ढग होता. ओढ्यातल्या दगडामागे पाण्याला वळ्या पडतात तशीच ही लाट. हवा चढते तिथे वाफेचे थेंब होतात, उतरते तिथे विरतात. ढग तोच दिसतो. त्यातले पाणी क्षणोक्षणी वेगळे.

पश्चिमेला केर्नगॉर्म पर्वत पसरले होते. ॲबर्डीनमध्ये भावी शिक्षकांना साहित्य शिकवण्यात हयात घालवलेल्या नॅन शेफर्ड यांनी त्यांच्यावर ‘द लिव्हिंग माउंटन’ लिहिले. लेखन दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातले, प्रकाशन 1977 चे. शिखर गाठण्यापेक्षा पर्वताच्या आत शिरण्यात त्यांना रस होता, आणि हवा हीदेखील त्यांना पर्वताचाच भाग वाटे. वर्गात हे मी प्रतिमा म्हणून समजावले असते. इथे त्या हवेवर आम्ही बसलो होतो.

“दादा, आई विचारते,” मी पुढे पाहतच म्हटले. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच विचारता आले.

यंत्राचा आवाज बराच वेळ चालू राहिला.

“फेब्रुवारीत येतो,” तो म्हणाला. “महिनाभर. राहायला नाही गं येणार आता.”

जागीच राहून उंच जाणाऱ्या माणसाची एक उपमा तेव्हा हाताशी आली होती. विद्यार्थ्यांच्या वह्यांत अशा उपमांवर मी लाल शाई चालवते. तीही तशीच खोडली. दादा परका झालेला नव्हता, आणि परतणारही नव्हता. दोन्ही खरे होते.

“ढग फुटायला लागलाय,” तो म्हणाला. “उतरू या.”

खाली आल्यावर काचेच्या झाकणावरचे दव वितळले. फडक्याने पंख पुसता पुसता त्याने फोन काढला. भारतात रात्रीचे साडेनऊ झाले होते. “जागी असेल ना?” त्याने विचारले आणि माझ्या उत्तराआधीच नंबर लावला.