सातशे तीस दिवसांचा हिशेब

बडोद्याच्या मराठी माणसाला मुलूख सोडण्याचे नवल नसावे. पिलाजीराव गायकवाडांच्या फौजेमागून जे आले, १७३४ साली शहर गायकवाडांच्या हाती कायमचे आल्यावर जे इथेच राहिले, आणि पुढे संस्थानाच्या नोकरीत कारकुनी, शिक्षकी, वकिली करण्यासाठी कोकणातून व देशावरून जे येत गेले, ते सारे एका अर्थी परमुलखातच आले होते. खुद्द सयाजीराव महाराजही १८७५ साली नाशिकजवळच्या कवळाण्याहून दत्तक म्हणून आले. बाहेर गुजराती आणि घरात मराठी, अशी दोन भाषांची घडी आपल्या पिढ्यांनी इतकी सहज बसवली की आपण कुठून तरी आलो आहोत हे आता सांगितल्यावाचून कोणाला आठवत नाही. ‘एकदा मुळे उपटून दुसरीकडे लावता आली, तर तिसरीकडे का नाही?’ हा आमच्या ह्यांचा प्रश्न म्हणूनच मला पहिल्यांदा बिनतोड वाटला होता.

तिसरीकडे म्हणजे कॅनडा. त्या देशाने १९६७ पासून परदेशी माणसे गुण मोजून घेण्याची पद्धत ठेवली आहे, आणि जानेवारी २०१५ पासून हे सारे गणित संगणकावर चालते. शिक्षण, अनुभव, इंग्रजी ह्यांचे गुण मिळतात आणि वयाचेही मिळतात. विसापासून एकोणतिसापर्यंत ते सर्वांत जास्त; तिशीनंतर दर वर्षी घटत जातात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. ह्यांनी अर्ज केला तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. त्या दोन वर्षांत आमच्या घरी ह्यांचा वाढदिवस आला की आधी वजाबाकी होई आणि मग श्रीखंड.

परवानगी आली तेव्हा कळले की लगेच बिऱ्हाड हलवण्याची सक्ती नाही. ठरलेल्या मुदतीत एकदा तिकडच्या भूमीवर पाय ठेवून नोंद करायची, आणि परत आले तरी चालते. मात्र कायम रहिवासाचा हक्क टिकवायचा तर पाच वर्षांत सातशे तीस दिवस तिथे राहिले पाहिजे. म्हणजे दोन वर्षे तिकडची आणि तीन वर्षे आपली, मन घट्ट करायला किंवा बदलायला. ह्या सवलतीचा फायदा घेऊन आम्ही चौघे २०२४ च्या नोव्हेंबरात तीन आठवड्यांसाठी टोरांटोला गेलो. थोरला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि धाकटी आठ वर्षांची.

टोरांटोचा विमानतळ खरे तर शेजारच्या मिसिसागा शहराच्या हद्दीत आहे. दिल्लीहून थेट विमानात बसावे तर एका बैठकीत पृथ्वीची दुसरी बाजू येते. तिथल्या अधिकाऱ्याने कागद पाहिले, सौजन्याने स्वागत केले आणि सामानाच्या दोन याद्या मागितल्या. एक, सोबत आणलेल्या वस्तूंची; दुसरी, मागाहून येणाऱ्या वस्तूंची. ही दुसरी यादी पहिल्याच प्रवेशाच्या वेळी दिली, तर पुढे घरातले सामान नेताना त्यावर कर पडत नाही. मी ती बडोद्यातच करून नेली होती. देव्हारा, दोन समया, पुरणयंत्र, पितळी डब्यांचा संच, पुस्तकांच्या अकरा पेट्या आणि सासूबाईंचा तंबोरा. प्रत्येकापुढे अंदाजे किंमत डॉलरांत. अधिकाऱ्याने यादीवर शिक्का मारून दिला. तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवताना माझ्या ध्यानात आले की तंबोरा यादीत आहे आणि तो लावणारे हात यादीत नाहीत.

आम्ही उतरलो होतो मिसिसागात, ह्यांच्या मामेभावाकडे. पंधरा वर्षांपूर्वी बडोदे सोडलेले हे कुटुंब आता पुरते स्थिरावले आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे पावणेपाच वाजता सूर्य मावळतो. दुपारचा चहा घ्यावा आणि खिडकीबाहेर पाहावे तो रात्र. पहिल्या दिवशी मुलांना ह्याची गंमत वाटली, पाचव्या दिवशी धाकटीने विचारले, “इथं संध्याकाळ कधी होते?” कातरवेळी दिवा लावून शुभंकरोती म्हणण्याची तिची सवय, आणि कातरवेळ हाताशी लागण्याआधीच निसटून जाई.

परंतु गाव सुंदर आहे, हे सांगितलेच पाहिजे. पोर्ट क्रेडिटला नदी जिथे सरोवराला मिळते, तिथे लहानसे दीपगृह आहे. ऑन्टारिओ सरोवर नावाचेच सरोवर. पैलतीर दिसत नाही, लाटा उठतात, फक्त खाऱ्या वाऱ्याचा वास नाही. तिथून आगगाडीने टोरांटोच्या १९२७ साली उघडलेल्या युनियन स्थानकावर यावे, तर वर ५५३ मीटर उंचीचा तो प्रसिद्ध मनोरा आणि पायाखाली तीस किलोमीटरांच्या आसपास पसरलेले भुयारी रस्त्यांचे जाळे. थंडीत माणसे वर न येताच कचेरीपासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून गाडीपर्यंत चालत जातात. शहराच्या पूर्वेला जेरार्ड रस्त्यावर आपल्याकडच्या दुकानांची जुनी पेठ आहे. १९७२ साली तिथे हिंदी चित्रपट दाखवणारे ‘नाझ’ चित्रगृह निघाले आणि त्याच्याभोवती ती वाढली. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे टोरांटोत दर शंभर माणसांमागे सुमारे सत्तेचाळीस परदेशात जन्मलेली आहेत. रस्ता ओलांडायला उभे राहावे तर मोटारी आपण होऊन थांबतात. रावपुऱ्यातून रोज जीव मुठीत धरून जाणाऱ्या मला, थांबलेल्या मोटारीपुढून चालताना पहिले दोन दिवस अपराध्यासारखे वाटत होते.

आमच्या जाण्याचे खरे कारण मात्र वेगळे होते, आणि ते कानाशी संबंधित होते. धाकटीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. चौथ्या वर्षापासून ती यंत्र लावते. घरात तिचे सुरळीत चालते. पन्नास मुलांच्या वर्गात, वर पंखे फिरत असताना, तिला बाईंचे निम्मे शब्द कळत नाहीत. मिसिसागात एका प्राथमिक शाळेने आम्हांला वर्ग पाहू दिला. तिथे बाईंच्या गळ्यात एक लहानसा ध्वनिग्राहक होता आणि त्यांचा आवाज थेट एका मुलाच्या कानातल्या यंत्रात जात होता. त्या मुलासाठी वेगळी शिक्षिका आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येई. कोणी दया दाखवत नव्हते, कोणी कौतुकही करत नव्हते. ती तिथली रीतच होती. धाकटी त्या मुलाकडे टक लावून पाहत राहिली. त्या रात्री आम्ही दोघांनी, यायचेच, असे ठरवून टाकले.

दुसरा विचार सुरू झाला तो पुढच्या आठवड्यात. पंधरा-वीस वर्षे झालेल्यांना न विचारता, दोन वर्षे झालेल्यांना विचारावे, असे मला सुचले. मामेभावाच्या ओळखीने अशा तीन घरी गेलो. एक गृहस्थ आपल्याकडचे दंतवैद्य. परवान्याच्या परीक्षा देत होते आणि तोवर रात्री गोदामात काम करत होते. एक बाई माझ्यासारख्याच शिक्षिका. तिथल्या शिक्षक-मंडळाची मान्यता मिळेपर्यंत पाळणाघरात नोकरी करत. ऑन्टारिओत अभियंत्यांच्या परवान्यासाठी असलेली स्थानिक अनुभवाची अट २०२३ मध्ये काढून टाकली. तरी नोकरी देणारा तो प्रश्न विचारायचा थांबत नाही, असे तिसऱ्या घरच्या अभियंत्यांनी हसत सांगितले. कोणी रडले नाही. तिघांच्याही घरी तळघरातल्या खोल्यांत आम्हांला ऊन ऊन पोहे मिळाले. “पाच वर्षे सोसायची, मग ठीक होते,” असे तिघेही म्हणाले, आणि ते खरेही असेल. पण ह्यांचे वय तेव्हा एक्केचाळीस होते आणि नानांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, अठ्ठ्याहत्तर. आमच्या घरात पाच वर्षांची किंमत प्रत्येकाला सारखी पडणार नव्हती.

आईवडिलांना तिकडे कायमचे बोलावण्याची योजना सोडतीवर चालते. त्याऐवजी लांब मुदतीचा पाहुण्यांचा परवाना मिळतो; २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी निदान एक लाख डॉलरांचा खाजगी आरोग्यविमा लागतो, आणि नानांच्या वयाला व त्यांच्या हृदयाला तो कोणत्या भावात मिळेल ह्याची चौकशी करून आम्ही गप्प बसलो. सासूबाईंचे शिक्षण बडोद्याच्या संगीत महाविद्यालयात झाले, ज्याचा पाया १८८६ साली मौलाबक्षांच्या गायनशाळेने घातला. आजही दांडिया बाजारातल्या आमच्या माजघरात रोज सायंकाळी चार मुली त्यांच्याकडे शिकायला येतात. पावणेपाचला अंधार पडणाऱ्या गावात, बर्फात एकटी बाहेर पडू न शकणारी बाई म्हणून मी त्यांची कल्पना करून पाहिली. ती मला करता आली नाही.

भाषेचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवते. ऑन्टारिओ सरकारने १९७७ पासून मुलांच्या घरच्या भाषा शाळेच्या वेळेबाहेर शिकवण्याची सोय केली आहे, आणि तिथली मराठी मंडळी गणेशोत्सव, दिवाळी हौसेने करतात. मनात आणले तर मराठी टिकते. पण बडोद्यात ती मंडळांनी टिकवली त्याहून अधिक आजीआजोबांनी टिकवली आहे, असे माझे मत आहे. मुले मराठी बोलतात, कारण घरात दोन माणसे अशी असतात की त्यांच्याशी दुसऱ्या भाषेत बोलणे अवघडल्यासारखे होते.

परत आल्यावर एके दिवशी धाकटीला घेऊन मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले होते. तिथली काचेची जमीन तिला फार आवडते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला इकडे बोलावले. त्यातून संस्थानभर ग्रंथालये झाली, खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तके फिरू लागली. महाराजांनी चांगली गोष्ट पाहिली आणि ती उचलून घरी आणली. मला मिसिसागातला तो ध्वनिग्राहक आठवला. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही कर्णतज्ज्ञांना विचारले. तसले यंत्र इथे मिळते. महाग आहे, पण चौघांच्या विमानाच्या भाड्याहून पुष्कळच स्वस्त. शाळेच्या मुख्याध्यापिका आधी साशंक होत्या. वर्गशिक्षिकेने मात्र एका सकाळी ते गळ्यात घातले, आणि सहामाहीनंतर धाकटी वर्गात हात वर करू लागली.

म्हणून सारेच उचलून आणता येते असे मात्र नाही. जे यंत्र तिथे प्रत्येक मुलाचा हक्क आहे, ते इथे आम्हांला परवडले म्हणून मिळाले. आणि मायभूमीचे गोडवे गाताना कमाटीबाग विसरून चालणार नाही. ह्याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले, परत येऊन नोकरी करण्याचा करार पाळण्यासाठी १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्याला आले, आणि शहरात कोणी त्यांना राहायला खोली दिली नाही. ज्यांना परदेशात माणुसकी आणि घरी अपमान मिळाला, त्यांना ‘आपले ते आपले’ हे वाक्य ऐकवण्याचा अधिकार आपल्याला नाही. जाणाऱ्याला कृतघ्न ठरवणे आणि राहणाऱ्याला भित्रा ठरवणे, दोन्ही सारखेच अन्यायाचे.

आमच्यापुरते सांगायचे तर सातशे तीस दिवस भरायचे असल्यास २०२७ च्या नोव्हेंबरपूर्वी बिऱ्हाड हलले पाहिजे. ह्यांचे मन अजून अर्धे तिकडे आहे. कारखान्यातली पाळी संपवून, धुरकट आभाळाखालून ते घरी येतात तेव्हा मला ते समजते. थोरल्याला जायचे आहे, आणि आणखी दहा वर्षांनी तो आपल्या गुणांवर जाऊ शकेल. तेव्हा त्याचे वयच त्याला सर्वांत जास्त गुण मिळवून देईल. मी आता न जाण्याच्या बाजूची आहे. झालेला खर्च आणि घातलेली वर्षे वाया जातील, एवढ्या एका कारणासाठी मात्र जायचे नाही, हे दोघांनी ठरवले आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा कागद आला असेल, त्यांनी पहिली फेरी उन्हाळ्यात करू नये, बसने हिंडावे आणि दोन वर्षे झालेल्यांच्या घरी जेवावे, एवढेच सुचवते.

नानांना आम्ही इतके दिवस आडूनच विचारत होतो. गेल्या महिन्यात ह्यांनी सरळ विचारले. नाना थोडा वेळ थांबून म्हणाले, “आमच्यासाठी थांबू नका. आणि थांबलात, तर आमच्यामुळे थांबलो असं मुलांना कधी सांगू नका.” तेव्हापासून आम्ही दोघे रोज रात्री, मुले झोपल्यावर, राहण्याची कारणे एका वहीत मांडतो आहोत, नानांचे आणि सासूबाईंचे नाव न घालता. आतापर्यंत सात झाली आहेत. त्यांतली चार ह्यांच्या हस्ताक्षरात आहेत.