माल्कम : एक मुंडित नाव

माल्कम हे नाव कानी पडले की आपल्या डोळ्यांपुढे कोणी गोरा साहेब उभा राहतो. वास्तविक या नावाच्या मुळाशी एक मठवासी आहे. त्याचे जुने गेलिक रूप ‘मेल कोलुम’. मेल म्हणजे मुंडण केलेला. मठात प्रवेश घेणाऱ्याचे केस उतरवीत, त्यावरून त्याचा अर्थ सेवक असा झाला. कोलुम म्हणजे कबुतर, आणि हे कबुतर म्हणजे संत कोलंबा. ५६३ साली आयर्लंड सोडून आयोना बेटावर त्यांनी मठ उभारला व ५९७ साली तेथेच देह ठेवला. त्यांचा मुंडित सेवक तो माल्कम.

संताचे नाव थेट पोराला देण्यास जुने आयरिश लोक कचरत. पॅट्रिकसारख्या संताच्या बाबतीतही त्यांनी कित्येक शतके ‘पॅट्रिकचा सेवक’ असेच म्हटले. पवित्र मरियेविषयीचा संकोच तर आजही टिकून आहे : आयरिश भाषेत मुलीचे नाव ‘मॉइरे’, प्रभूच्या मातेला मात्र राखून ठेवलेले ‘मुइरे’. रामदास हे नाव ओठी असलेल्या मराठी माणसाला हा विनय परका वाटू नये. आपण मात्र अंतोन, इनास, पेद्रू ही नावे बिनदिक्कत ठेवली आणि त्याच नावांनी अंगणात पोरांना रागेही भरलो!

पुढे स्कॉटलंडच्या चार राजांनी हे सेवकपण मुकुटासह मिरविले. त्यांतील तिसऱ्याची राणी म्हणजे संत मार्गारेट. कालांतराने ते आडनावही झाले. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉन माल्कम हे स्कॉटिशच. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेला त्यांचेच नाव मिळाले. सह्याद्रीच्या माथ्यावर आयोनाचे कबुतर येऊन बसले, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले असेल असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या नात्यातील एका बाळासाठी हेच नाव निघाले तेव्हा आजोबा अडून बसले. ‘संताविना नाव म्हणजे इरल्याविना पावसाळा,’ हे त्यांचे म्हणणे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसले म्हणजे पुरे. परंतु त्यांची चिंता संहितेहून जुनी, आणि आमच्या मते रास्त होती. लेकराचा कैवारी कोण, हे त्यांना हवे होते. आम्ही नावाचा उलगडा त्यांच्या कानी घातला. बराच वेळ ते गप्प राहिले. मग त्या कोलंबाचा सण कधी येतो, एवढेच त्यांनी विचारले आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ९ जूनभोवती स्वहस्ते खूण केली.