सल्ला आणि साइडपट्टी

'सल्लागार' ह्या शब्दाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. ज्याच्या हाती अधिकार नाही, निधी नाही आणि ज्याचे म्हणणे टाळले तरी कुणाचे काही बिघडत नाही, तो सल्लागार, असाच त्याचा व्यवहारातील अर्थ. आम्हां धर्मगुरूंच्या तो चांगल्या परिचयाचा आहे. लॅटिन परंपरेच्या 1983 च्या धर्मनियमसंहितेतील 536 वा नियम धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाला केवळ सल्ल्याचे मत देतो. (आमचा चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार विधीचा असल्याने येथे 1990 ची पौर्वात्य संहिता लागू होते, पण मंडळाच्या बैठकीतील चहा आणि चर्चा दोहोंकडे सारखीच.) निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, आपण फक्त सांगायचे.

अशीच सल्ल्याची एक समिती प्रत्येक जिल्ह्यात आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या 215 व्या कलमात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 30 नोव्हेंबर 2017 च्या निकालात अशा समित्या जिल्ह्याजिल्ह्यांत स्थापन करण्यास सांगितले. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस, बांधकाम, आरोग्य आणि परिवहन खात्यांचे अधिकारी सदस्य, आणि त्यांच्यासोबत नागरी समाजाचे प्रतिनिधी. ह्या शेवटच्या शब्दांसाठीच आम्ही लेखणी उचलली आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानवाटांवर सायकल हा छंद नव्हे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. त्या सायकलीमुळे किती मुली दहावीपर्यंत टिकल्या, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना विचारावे. पण सायकल मिळाली म्हणजे वाट मिळाली असे नाही. डांबराच्या कडेची साइडपट्टी वीतभर खोल खचलेली, तिच्यावर झुडपांची गर्दी, आणि मागून भोंगा वाजवीत येणारा ट्रक. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक 2021 नंतर वाढली, तसे एटापल्ली, आलापल्ली, आष्टीकडचे रस्ते सायकलस्वाराला अधिकच परके झाले. 7 ऑगस्ट 2025 च्या पहाटे गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटलीजवळ ट्रकने चार मुलांचा बळी घेतला. ती मुले सायकलवर नव्हती, व्यायामाला निघाली होती. रस्त्याची कड मात्र तीच. त्यातच झुडपांआड वाघ असण्याची भीती. ती शहरातल्या वाचकाला अतिशयोक्ती वाटेल, ताडोब्याच्या भोवतालच्या गावकऱ्याला वाटणार नाही. पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या माणसाला कडेची झुडपे छाटलेली असणे म्हणजे काय, हे त्यालाच कळते.

आता समितीचे कामकाज पाहू. तिच्यापुढे मुख्यतः 'ब्लॅक स्पॉट' येतात. केंद्र सरकारच्या व्याख्येनुसार, राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत जीवघेणे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात घडले किंवा दहा माणसे दगावली, तर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. मोजणीला काही कसोटी हवीच, हे खरे. पण नाल्यावरच्या अरुंद पुलाशी ट्रकला वाट देताना सायकलसह खड्ड्यात उतरलेली मुलगी कोणत्या नोंदवहीत येते? गुडघा फुटला, पुस्तके भिजली, घरी कोणी ओरडू नये म्हणून ती बोललीही नाही. पुढच्या महिन्यात तिने शाळा सोडली तर ती 'गळती' ह्या सदरात जाईल, 'अपघात' ह्या सदरात नव्हे. मेलेल्यांची गणना पोलीस करतात. वाचलेल्यांची कोणी तरी करायला हवी. हेच नागरी प्रतिनिधीचे काम, असे आमचे मत आहे.

ह्याच गडचिरोलीत धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाने हा धडा फार पूर्वी गिरवला. त्या गावाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, हे सर्वश्रुत आहे. तेथील अभ्यास गटांची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. अभ्यास गट निर्णय घेत नाही. तो माहिती जमवतो, वाद घालतो, प्रश्न सोलून ठेवतो. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. पण गटाने आधी कष्ट घेतलेले असतात, म्हणून ग्रामसभेला ठोस काही बोलता येते. नहेम्याही यरुशलेमचे कोसळलेले तट आधी रात्री हिंडून पाहून आला, मग अधिकाऱ्यांपुढे बोलला. आणि काम निघाले तेव्हा कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच तट बांधला!

आमच्या मंडळाने एवढेच केले. सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलींना वही दिली आणि कोठे उतरून चालावे लागते ते लिहायला सांगितले. तक्रार नको, जागा लिहा: मैलाचा दगड, झाड, नाला. 'रस्ता खराब आहे' ह्या वाक्यावर कोणताही अभियंता काही करू शकत नाही. 'मोहाच्या झाडापासून रपट्यापर्यंत डावी कड खचली आहे' ह्यावर मुरूम टाकता येतो. वहीची प्रत अर्जासोबत दिली. झुडपे पावसाळ्यानंतर छाटली गेली, एका टप्प्यात साइडपट्टी भरली गेली. शाळेसमोरच्या गतिरोधकाचा कागद अजून फिरतो आहे. अर्ज नेणारे आमचे सदस्य निवृत्त शिक्षक आहेत; प्रत्येक बैठकीच्या आधी ते स्वतः सायकलने जाऊन तो टप्पा पाहून येतात. अधिकाऱ्याची बदली होते, ह्यांची होत नाही. समितीचे खरे बळ ह्यातच असावे.

वहीत एक नोंद मात्र आम्ही अर्जात घातली नव्हती. दिवाळीच्या आगेमागे, नव्याने मुरूम भरलेल्या त्याच साइडपट्टीवर धान वाळत पडते, आणि मुलींना पुन्हा डांबरावर यावे लागते. धान कंपनीचे नव्हे, सरकारचेही नव्हे. ते आपल्याच घरांचे. अंगण लहान, ढगांची भीती मोठी, हेही खोटे नाही. ह्या रविवारी मिस्सानंतर मंडळाची बैठक आहे आणि पहिला विषय तोच आहे. ताडपत्र्या अंथरायला शाळेचे पटांगण सुट्टीत मागावे, असा एक सल्ला आला आहे.