लासूरच्या वाटेवरील पाहुणा

दर्यापूर सोडून लासूरच्या वाटेस लागले म्हणजे गावचे दिवे मागे पडतात आणि दोहों बाजूंस कपाशी-तुरीची शेते अंधारात मिसळून जातात. काळ्या पाषाणाच्या आनंदेश्वराच्या हेमाडपंती देवालयामुळे ही वाट पुष्कळ वाचकांच्या परिचयाची असेल. आम्ही मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये, कोजागिरी सरल्यावर पाचव्या दिवशी, तिकडे गेलो ते आकाशातील पाहुण्यासाठी. सोबत पुतण्याचा मुलगा व त्याचा कॅमेरा.

त्सुचिनशान–ॲटलस हा धूमकेतू चीन व दक्षिण आफ्रिका येथील वेधशाळांना २०२३ मध्ये सापडला. २७ सप्टेंबर २०२४ रोजी सूर्याजवळून वळसा घेऊन तो परत निघाला होता व भुजंगधारीच्या तारकांत दिवसेंदिवस फिकट होत होता. शुक्र मावळला, चंद्रोदयास अवकाश होता.

“आजोबा, दिसला का?”

हाच प्रश्न १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी शाळेतील मुलांनी आम्हांस केला होता. पहाटे दक्षिणेकडे बोट दाखवून आम्ही “तो पाहा” म्हणालो. वस्तुतः आम्हांसही तो दिसला नव्हता! गुरुवचन मानून मुलांनी माना डोलाविल्या. ते असत्य आजवर मनात सलत होते.

या खेपेस आम्ही सरळ “नाही” म्हणालो.

मुलाने एका लहानशा यंत्राचा आस ध्रुवाकडे रोखला. आमच्याकडे ध्रुव क्षितिजावर सुमारे २१ अंश असतो. त्या आसाभोवती कॅमेरा ताऱ्यांच्या गतीने फिरू लागला, म्हणून दीर्घकाळ प्रकाश घेऊनही तारे बिंदूच राहिले. तासाभराच्या अंतराने काढलेली दोन चित्रे त्याने एकामागून एक दाखविली. सर्व तारे जागच्या जागी. एक धूसर ठिपका तेवढा किंचित सरकलेला. कॅमेऱ्यातील डाग असा ताऱ्यांमधून वाट काढीत चालत नाही. तोच आमचा पाहुणा!

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील केतुचार आम्ही पूर्वी अभ्यासिला होता. त्यात धूमकेतूंची शुभाशुभ फले आहेत. परंतु फल सांगण्यापूर्वी वस्तू खरोखर दिसली की नाही, याची अशी परीक्षा आम्ही स्वतः कधी केली नव्हती.

दिवाळीत दोन जुने विद्यार्थी भेटावयास आले. त्यांस ती चित्रे दाखविली आणि १९८६ ची हकीकतही सांगून टाकली. क्षणभर दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. मग एक हसून म्हणाला, “गुरुजी, तव्हा आम्हालेही काही दिसलं नव्हतं!”