डोळ्यांच्या उंचीला

महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं प्रतापगड माणसांनी फुलून जातं. कुणी टेकडीवरच्या महादेवाला जातं, कुणी दर्ग्यावर माथा टेकतं. जवळच गोठणगावला १९७२ पासून वसलेल्या तिबेटी वसाहतीतले सुरकुतलेले, प्रसन्न चेहरे आहेत. चेहऱ्यांचं असं धन एका पंचक्रोशीत क्वचितच सापडतं. ते टिपायचं तर महागड्या लेन्सच्या आधी उंच, भक्कम ट्रायपॉडला पैसे घालावेत, असं माझं ठाम मत आहे. उभ्या माणसाकडे जवळून आणि खालून पाहिलं की हनुवटी, नाकपुड्या पुढे येतात आणि माणूस उगाच थोर दिसतो. वरून पाहिलं की कपाळ मोठं होतं आणि तो बापुडवाणा वाटतो. डोळ्यांच्या पातळीवरून पाहिलं तरच तो आपल्या बरोबरीने उभा राहतो. रोलिफ्लेक्ससारखे कॅमेरे कमरेशी धरूनही उत्तम पोर्ट्रेट काढली गेली, हे खरंच आहे. पण ती निवड होती. उंच ट्रायपॉड हवा तेव्हा खाली आणता येतो. ठेंगण्याला वर जाण्याची सोय नाही.

उंचीचा हिशेब मात्र स्वतः करावा. १७५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे डोळे साधारण १६३ सेंटिमीटरवर असतात. त्यातून हेडचे सुमारे १० आणि कॅमेऱ्याच्या तळापासून लेन्सच्या मध्यापर्यंतचे ५ वजा केले, तर नुसते पाय उघडून १४८ सेंटिमीटर भरायला हवेत. टेकडीच्या उतारावर खालच्या अंगाचा पाय आणखी लांब लागतो, म्हणून थोडी उंची हाताशी राखून ठेवावी. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा मधली दांडी पूर्ण वर ओढून मोजलेला असतो. ती दांडी वर गेली की तीन पायांचा आधार नावालाच उरतो, कॅमेरा एका काठीच्या टोकावर डुलतो. म्हणून दांडी खाली ठेवून मोजलेली उंची विचारावी. स्वस्तात भक्कमपणा हवा असेल तर कार्बन फायबरचा मोह सोडावा. त्यात पैसे मुख्यतः हलकेपणाचे जातात. ॲल्युमिनियमचा, जाड नळ्यांचा, चारऐवजी तीन टप्प्यांत उघडणारा ट्रायपॉड घ्यावा. टप्पे जितके कमी, तितके सांधे कमी आणि शेवटची नळी तितकी जाड. तो जड होतो, घडी केल्यावर लांबही राहतो. पण एका जागी मांडून काम करायचं असेल तर हे ओझं सोसण्याजोगं आहे.

आता कॅमेऱ्यातच थरथर रोखणारी यंत्रणा असते, मग ही तिपाई कशाला, असं कुणी विचारेल. थरथरीपुरतं बोलायचं तर आक्षेप बराचसा मान्य आहे. शिवाय समोरचा माणूस हलला तर ट्रायपॉडही त्याला थांबवू शकत नाही. पण पोर्ट्रेटमध्ये त्याचं मोल वेगळंच आहे. चौकट एकदा ठरली की छायाचित्रकार कॅमेऱ्यामागून बाजूला येतो, चेहरा दाखवतो, गावाचं नाव विचारतो, आणि समोरच्याची नजर काचेऐवजी माणसावर स्थिरावते. ओळख नसलेल्या यात्रेकरूला हा दिलासा फार लागतो. जत्रेच्या रेट्यात ट्रायपॉड लोकांच्या पायात येतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि तिथे तो उघडूच नये. वाटेच्या कडेला, झाडाच्या सावलीत जागा धरावी. ज्याला फोटो हवा तो तिथे येईल, ज्याला नको त्याची वाट मोकळी राहील. सावलीतला मंद उजेड चेहऱ्याला मानवतो, आणि शटरचा वेग उतरवावा लागला तरी कॅमेरा ढळत नाही.

दुकानात एक परीक्षा जरूर घ्यावी. पोर्ट्रेट बहुधा उभ्या चौकटीचं असतं, आणि त्यासाठी कॅमेरा कलंडवला की सगळं वजन हेडच्या एका बाजूला जातं. वजन पेलण्याचे छापील आकडे कंपनीगणिक वेगळ्या रीतीने मोजलेले असतात, म्हणून आपलाच कॅमेरा, आपलीच सगळ्यात जड लेन्स न्यावी. पाय पूर्ण उघडून कॅमेरा उभा कलंडवावा, खटके घट्ट करावेत आणि हात काढून घ्यावा. चौकट सावकाश खाली सरकत असेल, तर पायांपेक्षा आधी हेड बदलायला हवं.