मार्च एंड आणि तुमचा ड्रॉवर

नोकरीवाल्या मित्रांचा मार्च जानेवारीतच उरकतो. एचआरचा मेल येतो, एलआयसीच्या पावत्या शोधल्या जातात, प्रूफं सबमिट केली की सुटका! नव्या रिजीमवाल्यांना तर तीही कटकट नाही. आम्हा धंदेवाल्यांचा मार्च मात्र मार्चमध्येच येतो आणि चांगलाच घाम फोडतो.

माझा भोसरीत पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचा छोटा कारखाना आहे. मार्च लागला की फुकट सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. त्यातला सगळ्यांचा लाडका सल्ला म्हणजे, ‘अरे, नवा लॅपटॉप घेऊन टाक, टॅक्स वाचेल!’

चला, मांडू या हिशेब. लॅपटॉप १ लाखाचा. कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के. पण खरेदीच्या वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला, तर निम्माच. म्हणजे यंदा वजावट २० हजारांची. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर कर वाचला ६ हजार, वर थोडा सेस. उरलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळतो, हे खरं. पण ६ हजार वाचवायला आज लाख काढायचे, याला टॅक्स प्लॅनिंग नाही, शॉपिंग म्हणतात! लॅपटॉप लागणारच असेल, तर सप्टेंबरमध्येच घेऊन वापरायला काढावा. घसारा पूर्ण मिळतो.

खरं टेन्शन वेगळंच आहे. आमचे हिशेब मर्कंटाइल पद्धतीचे. माल दिला, बिल फाडलं, की ते उत्पन्न झालं. पैसे हातात आले का, हे कोणी विचारत नाही. अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता १५ मार्चला. चुकला की व्याज. जीएसटी तर त्याआधीच भरलेला. थोडक्यात, न आलेल्या पैशांवरचा कर आम्ही पदरचे पैसे घालून भरतो. त्याच महिन्यात कामगारांचे पगारही करायचे असतात.

म्हणून २०२३ च्या बजेटमधला एक बदल मला फार मोलाचा वाटतो. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं. मुदत टळली आणि ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर त्या खर्चाची वजावट ग्राहक कंपनीला त्या वर्षी मिळत नाही. पैसे देईल त्या वर्षी मिळते. सेवा देणाऱ्यांनाही हे लागू आहे, फक्त व्यापाऱ्यांना नाही.

तेव्हापासून माझं टॅक्स प्लॅनिंग फेब्रुवारीत सुरू होतं. थकलेल्या बिलांची यादी, तारखा आणि ‘उद्यम’ नंबर असा मेल प्रत्येक ग्राहकाला जातो. मग फोन.

‘सर, बिल प्रोसेसमध्ये आहे.’

‘हो सर, पण मार्चच्या आत झालं तर तुमचाही टॅक्स वाचेल.’

एवढं बोलतानाही पोटात गोळा येतोच. पुढची ऑर्डर दुसऱ्याला गेली तर? कायदा आपल्या बाजूने असला, तरी ग्राहक त्यांच्या हातात असतो ना!

तेव्हा तुम्ही अकाउंट्स किंवा पर्चेसमध्ये असाल, तर या मार्चमध्ये एक करा. ड्रॉवर उघडा, छोट्या सप्लायरची बिलं वर काढा आणि सही करून पुढे सरकवा. कंपनीचा टॅक्स वाचेल, आणि कुठल्यातरी छोट्या कारखान्यातले पगार वेळेवर होतील.